नातवाचे पेढे

"दूध न सोसणारं पोर धनगराच्या घरात निपजत न्हाई!" उमाजींनी साऱ्या दुबलगुंडी गावाला ठणकावून सांगितलं, सून जगदेवीला डावलून नातवाला वाटीभर दूध पाजलं आणि सुजलेलं लेकरू उचलून स्वतःच बिदरच्या दवाखान्याकडं धूम ठोकली. "दूध, गहू, शेंगदाणे, सगळंच बाधतंय," डॉक्टर म्हणाले. तरी जावळाला पाहुणे पेढा भरवायला सरसावलेच. "आत्या, नगं, त्याचा श्वास अडकंल," जगदेवी पोराला छातीशी धरून विनवत होती. "कामून गं? माझ्या हाताला विष लागलंय व्हय?" बाणूआत्या तडकल्या. पेढा ओठांशी पोचला. तेवढ्यात सासऱ्यांनी मध्येच तोंड घातलं आणि तो स्वतःच गिळला. "अक्का, नातवाचा वाटा माझा. पुढचा कोण?" मग सगळे पेढे त्यांच्याच तोंडाकडं वळले. जगदेवीची पोरावरची मिठी सैलावली. शेवटी ते हळूच तिच्याकडं वळले. "पोरी, लोणच्याची फोड दे की."