आधीची ऑनर

किटलीचं बटण टक्कन उडालं. चहा करायला कुणीच उठलं नाही.

"तुमची आई ती माझीही आई," असं पॅट्रिशिया नुकतंच म्हणाली होती. बॉस्टनहून आलेली बाई, सत्तरी उलटलेली. पण हात मांडीत दाबून बसली होती परीक्षेला आलेल्या मुलीसारखी.

डर्व्हलाने आईकडे बघायचं टाळलं. हे सगळं तिचं स्वतःचंच कर्तृत्व. आईच्या वाढदिवसाला घराण्याची वंशावळ द्यायची, अमेरिकेला गेलेले आजीचे भाऊ शोधायचे, म्हणून हौसेने नळीत थुंकून डीएनए तपासणीला पाठवलं होतं. भाऊ राहिले बाजूला. रक्ताच्या नात्याने सापडली ती ही.

"अमेरिकेची माणसं दर उन्हाळ्यात आयर्लंडला येतात, आमच्या या क्लेअरमध्ये," ऑनर, डर्व्हलाची आई, शेवटी बोलली. "पडका गोठा बघून डोळे पुसतात, एखादा दगड खिशात घालून नेतात. आई मागायला आलेल्या तुम्हीच पहिल्या."

"आई, अगं!"

"तू गप्प. पाहुणीपुढे ब्रेड तरी ठेव. का बिशपसाठी राखून ठेवलायस?"

"मला काही नको," पॅट्रिशिया म्हणाली. "लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना ठेवायचे, त्या नन्सच्या आश्रमात माझा जन्म झाला. नाव ठेवलं होतं ऑनर. तान्ही असतानाच एका अमेरिकन जोडप्याने मला नेलं. मला एवढंच विचारायचंय. देऊन टाकताना तिला काहीच वाटलं नाही का?"

आईचा चेहरा दगडी झालेला डर्व्हलाला दिसला. आता ही उठून दार उघडून धरणार. आजीला लग्नाआधी मूल झालं होतं आणि ते आश्रमातच तापाने गेलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलायचं मात्र कुणी नाही. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, तिला त्या गेलेल्या लेकराचंच नाव ठेवलं. इथली रीतच ती. लेकरू गेलं तरी नाव जाऊ द्यायचं नाही, पाठच्याला द्यायचं.

"आमची ऑनर मेली," आई म्हणाली. "म्हणून तर मी ऑनर."

"म्हणजे मी मेले असं सांगून टाकलं तिनं." पॅट्रिशियाला हसू आलं, पण ते ओठांवरच मोडलं. "सोपं पडलं असेल." ती पर्स घेऊन उठली.

"बसा खाली!" ऑनर कडाडली. "माझ्या आईला बोल लावून या घरातून कुणी जात नाही. गावाशी खोटं बोलली असती ती. पाद्र्याशीही बोलली असती, देव तिला क्षमा करो. पण जित्या लेकराचं नाव दुसरीला? ते म्हणजे पहिलीचं मरण आपल्या तोंडानं मागणं. कुठल्या आईची छाती होईल? तिनं मला हे नाव दिलं, ते..."

ती थांबली. आपण काय बोललो, ते जणू तिला आत्ता ऐकू आलं.

"ते तू गेलीस असं नन्सनी तिला सांगितलं म्हणून," ती हळूच म्हणाली. "तिनं तुला दिलं नाही गं. जन्मभर रडली तुझ्यासाठी."

पॅट्रिशिया खुर्चीत बसली ती बसलीच. पर्स घरंगळून खाली गेली. तिने चेहरा झाकून घेतला, आणि आतून बारीक आवाज यायला लागला, म्हाताऱ्या बाईचा वाटू नये असा. ऑनर तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाली. हात वाटेतच थबकला. आपल्याला या बाईला शिवायचा हक्क आहे का, हेच तिला ठरवता येईना.

इतका वेळ जॅम चाटत बसलेली डर्व्हलाची छोटी लेक रोशीन खुर्चीवरून उतरली. तिने डर्व्हलाची बाही ओढली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात विचारलं,

"मम्मी, आता ऑनर आजीला ते नाव या बाईंना परत द्यावं लागेल का?"