मुका ई

उद्याची फ्रेंचची लेखी परीक्षा ताई पास झाली, तरच गावी आईकडे ठेवलेल्या लेकीला इथे परदेशात आणता येणार होतं. तिचं घोडं एकाच नियमापाशी पेंड खात होतं. “भूतकाळात कर्म स्त्रीलिंगी असेल आणि क्रियापदाच्या आधी आलं, तरच क्रियापदाच्या शेवटी ‘ई’, म्हणजे e, जोडायचा,” मी म्हणालो. “काय एकेक नखरे!” ताई वैतागली आणि एकदम थांबली. “अरे, ‘मी खिडकी उघडली.’ आपल्या मराठीत खिडकी तर कायम क्रियापदाच्या आधीच येते, आणि ‘उघडली’च म्हणतो!” मी थक्क झालो. इतक्या दूरच्या दोन भाषा इथे एकमेकींसारख्या वागत होत्या. ताईने फ्रेंचमध्ये लिहिलं, ‘मी मागे ठेवलेली मुलगी’, आणि क्रियापदाला ई जोडला. “याचा उच्चार?” तिने विचारलं. “होत नाही. नुसता लिहायचा.” ती त्या अक्षराकडे बघत राहिली. “ऐकू येत नाही,” ती म्हणाली, “पण माझी पोर आहे तिथे.”