माय आणि माईन

इंग्रजीच्या तासाला 'माय' म्हटलं की जानेफळच्या पोरांना आईच आठवायची. म्हणून संजीवनीबाईंनी फळ्यावर दोन शब्द शेजारी-शेजारी लिहिले. "'माय' म्हणजे माझं, पण त्याच्यापुढं नाव पाहिजे: माय पेन. 'माईन' एकटंच पुरतं." तेवढ्यात रेवतीचा विसरलेला डबा घेऊन रुख्मिणी दारात आली. ती रेवतीच्या वडलांची दुसरी बायको. वर्षभर रेवती तिला काकूच म्हणत होती. "हे कोन व्हय बे?" मागच्या बाकावरून एकानं विचारलं. "रेवतीची माय तं मेली नं!" रुख्मिणी डबा ठेवून खालमानेनं वळली. रेवती ताडकन उठली आणि ठणकावून म्हणाली, "शी इज माईन!" रुख्मिणीनं गोंधळून बाईंकडं पाहिलं. "काय म्हनली हो ते?" "'माही हाय' म्हणते," बाई हसल्या. "मंग मराठीत काऊन नाही सांगत?" रेवती म्हणाली, "मराठीत रडू येते."