पावण्यांचं ताट

डिंभ्याचं धरण मागे पडलं तेव्हा कारेन म्हणाली, "त्यांना मीच सांगणार. तू फक्त ते मराठीत सांग."

जीप चालवता चालवता रिजवानने मान हलवली. म्हणजे शेवटी सांगायचं कुणी, हे विचारायची ती वेळ नव्हती.

कारेन डेन्मार्कची शिक्षिका. मुलांना हाताने खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी एकमेकांच्या देशात जाऊन शिकवायचं, अशी योजना होती. ती जुन्नरच्या विज्ञान केंद्रात आली आणि केंद्रातला आदेश तिच्या गावी गेला. तिच्याच घरात राहिला, तिच्याच वर्गाला शिकवू लागला. तळेघरचं पोर विमानात बसलं म्हणून २००३ सालच्या त्या दिवाळीत गावभर पेढे वाटले गेले होते.

काल सकाळी तो सायकलवरून शाळेत निघाला, बर्फावर घसरला आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली सापडला.

"सायकल माझी होती," कारेन म्हणाली. जुन्नर सोडल्यापासून ती हेच म्हणत होती.

रिजवान केंद्रात आदेशच्या शेजारीच बसायचा. डबा एक, चहा एक, भांडणंसुद्धा रोजची. मित्र गेल्याचं दुःख करायला त्याला अजून सवडच मिळाली नव्हती. आदेशच्या आईला काय सांगायचं, कसं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. आईवडिलांचा तो एकुलता एक.

तळेघरला जवळचा फोन चिमाजीच्या दुकानात. सकाळीच रिजवानने तिथे निरोप ठेवला होता, की आम्ही पाहुणीला घेऊन येतोय, आदेशच्या वडिलांना, भिमाजीबाबांना, घरी थांबायला सांगा. चिमाजीने खोदून खोदून कारण काढून घेतलं आणि मग कुणाला सांगणार नाही म्हणून गळ्याची शपथ घेतली.

भिमाजी ओट्यावर बसले होते. रामराम नाही, कसं काय नाही. "बसा," एवढंच म्हणाले आणि समोरच्या खाचरातल्या भाताच्या धसकटांकडे बघत राहिले. म्हातारा अबोल आहे, असं आदेश सांगायचाच.

आदेशची आई साळुबाई दारात आली. कारेनकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"आमच्या पोराला हिनंच घर दिलं न्हवं?"

"हो मावशी."

"तिला म्हणावं, लई उपकार झालं."

रिजवानने सांगितलं. कारेनने तोंड उघडलं. ती बोलणार, तोच साळुबाईने हात वर केला.

"आदी जेवून घ्या. लांबनं आलाय. उपाशीपोटी काय बोलू नगा."

पाट मांडले गेले. शेजारची भागू पाटीत झाकून जेवण घेऊन आली. नाचणीची भाकरी, भात, काळ्या घेवड्याची आमटी.

"आमची चूल लिपलीया, अजून वली हाय," साळुबाई म्हणाली. "म्हनून भागूकडं रांधाया सांगितलं."

ती स्वतः लांब चौकटीला टेकून बसली. कारेनने ताटाकडे पाहिलं आणि इंग्रजीत पुटपुटली, "मला नाही जाणार."

"खा. ताटात टाकलंस तर त्यांना संशय येईल."

मग दोघं जेवली. कारेन पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास उतरवत होती.

"तिकडं थंडी लई आसंल?" साळुबाईने विचारलं.

"हो. बर्फ पडतो."

"हिची लेकरं?"

"एक मुलगी आहे."

"देव तिला सुखी ठेवो. भागू, पावणीला भात वाढ."

आदेशबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. रिजवानला आधी हायसं वाटलं. मग त्याने पाण्यासाठी हात पुढे केला. तांब्या साळुबाईच्या गुडघ्याशी होता. तिने हात पुढे नेला, लगेच मागे घेतला, पदर आवरला आणि भागूला खूण केली. भागूने येऊन दुसऱ्या तांब्यातलं पाणी ओतलं.

रिजवानने साळुबाईच्या गुडघ्याशी तसाच राहिलेल्या तांब्याकडे पाहिलं.

माझी आई पावण्याला स्वतः वाढते, जातपात बघत नाही, नको म्हटलं तरी भाकरी टाकते, असं आदेश उठता बसता सांगायचा. एकदा तळेघरला चल, मग बघ. आज रिजवान पहिल्यांदा आला होता. कारेनलाही भागूच वाढत होती. म्हणजे आपण दोघंही परधर्माचे, एकाच पंगतीचे, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला वाईट वाटलं, आणि अशा वेळी या गोष्टीचं वाईट वाटतंय, याची लाजही वाटली.

ताटं भागूने उचलली. हात धुऊन झाले. ओट्यावरचे भिमाजी आत येऊन भिंतीला टेकले. आता सांगायचं. कारेनने रिजवानकडे पाहून मान हलवली.

"मावशी," तो म्हणाला. आदेशची बातमी ओठाशी आली आणि तिथेच अडकली. भलतंच बाहेर पडलं. "आदेश म्हणायचा, तुम्ही पावण्यांना स्वतःच्या हाताने वाढता. आज तुम्ही माझ्या तांब्यालासुद्धा हात लावला नाही."

बोलून तो स्वतःच गारठला. भिमाजींनी मान खाली घातली. साळुबाईने भागूकडे पाहिलं, ताटं घराबाहेर गेल्याची खात्री करून घेतली आणि मग रिजवानकडे वळली.

"पोट भरलं न्हवं दोगांचं?"

"भरलं मावशी."

"मंग सांगते. सकाळधरनं सुतक हाय रं बाबा आमाला. तुमच्या ताटाला कसा हात लावू?"