एकवीस वर्षांचा आमरस

कावळा काही पिंडाला शिवेना. निरवांगीला नीरेच्या काठावर दहाव्याला जमलेली माणसं तासभर उन्हात ताटकळली होती, आणि कावळा समोरच्या बाभळीवर बसून निवांत चोच घासत होता.

गेलेल्या आबाजीच्या धाकट्या भावानं, हिंदुरावनं, हात जोडून सगळं कबूल करून पाहिलं. "तुझ्या रोहिणीचं लगीन मी लावून देतो." कावळा ढिम्म. "विहिरीच्या पाण्याची माझी पाळी सोडतो." कावळ्यानं मान फिरवली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "आबाजीचा जीव त्या डब्यात अडकलाय." ते सगळ्यांना एकदम पटलं. डबा आणायला सायकल पिटाळली.

ते ऐकून आबाजीची बायको चंद्राबाई सायकलीमागं चार पावलं धावली आणि थांबली.

डबा अख्ख्या गावाला ठाऊक होता. शहात्तर साली आबाजी पुण्याला फळं टिकवायचं सात दिवसांचं शिक्षण घेऊन आला, तो स्वतःच्या हातानं बंद केलेला आमरसाचा डबा काखेत मारूनच. डबा फळीवर देवांच्या शेजारी बसला. पाहुणा आला की आबाजी तो त्याच्या कानाशी हलवायचा. "ऐका. अजून ताजा हाय." मग फ्रान्सच्या फौजेपायी हा शोध कसा लागला, डबा आधी निघाला आणि तो उघडायचं हत्यार चाळीस-पन्नास वर्षांनी, तोवर लोक छिन्नी-हातोड्यानं डबे कसे फोडायचे, हे पुराण चहा गार होईपर्यंत चालायचं. लोक तोंडावर मान डोलवायचे आणि उंबरा ओलांडला की हसायचे.

रोहिणीच्या वेळी चंद्राबाईला ऐन कार्तिकात आंब्याचे डोहाळे लागले. "तेवढा डबा फोडा की," ती म्हणाली.

"अगं, त्यो खायला न्हाय, टिकवायला हाय."

अशा माणसापुढं काय डोकं फोडायचं? तो दोन दिवस परगावी गेला तशी तिनं डब्याच्या बुडाला भोक पाडलं आणि उभ्या उभ्या सगळा रस ओरपला. मग आत नदीचं पाणी भरलं, निमगाव केतकीच्या बाजारात भोकाला कथलाचा डाग देऊन घेतला आणि डबा होता तिथं ठेवला. पुढं एकोणीस वर्षं आबाजी डबा लोकांच्या कानाशी हलवत राहिला आणि प्रत्येक वेळी ती चुलीकडं तोंड फिरवत राहिली. आता ते पाणी सगळ्या भावकीदेखत सांडणार होतं. मेल्यावरही नवऱ्याचं हसं होणार, आणि तेही तिच्यामुळं. तिला रडू फुटलं.

डबा आला. हिंदुरावनं ट्रॅक्टरमधून छिन्नी-हातोडा काढला.

"भावजी, नका फोडू," चंद्राबाई आडवी आली. "त्यास्नी न्हाय चालायचं."

"वैनी, चालतंय का न्हाय ते कावळ्याला इचारा," असं म्हणून हिंदुरावनं डबा दगडावर पालथा घातला.

बुड वर आलं. चंद्राबाई बघतच राहिली. बुडाला डाग नव्हता.

घाव बसला आणि पिवळाधमक रस हिंदुरावच्या धोतरावर उडाला. सगळीकडं वास सुटला. पळीभर रस पिंडावर घातला, तसा कावळा सरळ खाली उतरला आणि शिवला.

"एकवीस वर्षं टिकला," हिंदुराव डोळे पुसत म्हणाला. "दादा खरं सांगत हुता, आन आमी हसत हुतो." आपण कशासाठी जमलोय याचं कुणाला भान राहिलं नाही. जो तो डब्यात बोट घालू लागला.

चंद्राबाईनंही बोट चाटलं. दातात रेषा अडकली, मागनं आंबटसर चव आली. ही चव तिनं डोळे झाकून ओळखली असती. त्यांच्या विहिरीवरच्या आंब्याची.

तो आंबा आबाजीनं लावला होता रोहिणीच्या बारशाला.