बाल्कनीतला हशा

टेपवरचा यंत्रमागांचा खडखडाट एकाएकी इतका वाढला, की रंगमंचावरच्या नट्यांचं बोलणं कुणालाच ऐकू येईना. टेपचं आवाजाचं बटण अडकलं होतं. विंगेत उभ्या नाटककाराने कपाळावर हात मारला. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरणीतली नोकरी सोडून त्याने तिथल्या बायकांवर हे पहिलं नाटक लिहिलं होतं, आणि गावातल्याच प्रयोगाचा असा विचका! खालच्या मखमली खुर्च्यांतली माणसं एकमेकांची तोंडं बघत होती.

तेवढ्यात बाल्कनीतल्या स्वस्त बाकांवर हशा पिकला. मग पुन्हा, नेमका पुढच्या विनोदाला.

तिथे त्याची आई बसली होती, गिरणीतल्या मैत्रिणींना घेऊन. जन्मभर त्या मागांच्या गोंगाटात नुसत्या ओठांनी एकमेकींशी बोलल्या होत्या. तसंच, शब्दाशब्दाला ओठ ताणून बोलायला त्याने नट्यांनाही शिकवलं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

प्रयोगानंतर आई जिना उतरून आली. मागांपायी तिचे कान केव्हाच गेले होते. लेकाच्या गालावरून हात फिरवत ती म्हणाली, "झकास झालं रे! पण ती खालची माणसं एवढी गप्प का बसली होती? बहिरी होती की काय?"