कमलची रायफल

मध्यभारत राज्य झालं त्याच साली कमलचा नवरा गेला. देपालपुरची शेती ती आता स्वतःच बघणार होती. रानडुकरं उभा हरभरा उकरून टाकत होती, म्हणून तिचे वडील जयसिंगराव तिला शहरात, राजवाड्यामागच्या अब्बासभाईंच्या बंदुकांच्या दुकानात रायफल पसंत करायला घेऊन आले.

अब्बासभाईंनी बोल्टवाली रायफल पुढे केली. "रावसाहब, फौज में आप यही चलाते थे."

कमलनं ती उजव्या खांद्याला लावली. नळी थरथरत राहिली. जयसिंगराव हळूच म्हणाले, "डाव्या खांद्याला लावून बघ, कमल."

तिनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. डाव्या खांद्यावर रायफल स्थिर झाली. पण दर गोळीनंतर मागे-पुढे ओढायचा बोल्ट उजव्या बाजूला होता. डावा हात वरून पलीकडे नेताना नेम हलत होता.

"अब्बासभाई, लिव्हरवाली काढा," जयसिंगराव म्हणाले. " तिला डावं-उजवं नसतं."

नव्या रायफलीचा लिव्हर, म्हणजे चापाखालची कडी, कमलनं डाव्या हातानं खाली ढकलली आणि परत वर ओढून घेतली. नेम जागचा हलला नाही. ती हसली.

"बाईसाब तो उल्टे हाथ वाली निकलीं!" अब्बासभाईंना नवल वाटलं. "बचपन में किसी ने टोका नहीं?"

"टोकलं ना," जयसिंगराव म्हणाले. "मीच. रोज, छडीनं, ह्याच हातावर."